मुळांवरच्या गाठी आणि बीडचे नत्र

बालाघाटाचा डोंगर बीड जिल्ह्याच्या मधून जातो. उत्तरेला गोदावरी आणि सिंदफणेच्या काठची गेवराई-माजलगावची भारी काळी राने, तर पश्चिमेला आणि माथ्यावर आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर इकडची मुरमाड, बरड जमीन. दोन्हीकडे माती बेसाल्टपासून झालेली आहे. तिच्यात चुना आणि पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब आणि नत्र मात्र तुटपुंजे. पाऊस सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मध्येच महिनाभर दडी मारणारा. अशा जमिनीत ज्वारी, बाजरी आणि कापूस शेकडो वर्षे पिकत राहिले. ही तिन्ही पिके मातीतले नत्र उचलतात, परत काहीच देत नाहीत. शेणाच्या बऱ्याच भागाच्या गोवऱ्या होत आणि उरलेले खत आधी विहिरीखालच्या बागायतीला जाई. मग कोरडवाहू रानाला नत्र कोठून मिळाले? तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा आणि हरभरा यांच्या मुळांवर वाढणाऱ्या जिवाणूंनी ते हवेतून आणले. बीडच्या शेतीचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास बहुधा मागासलेपणाकडून रासायनिक खताकडे झालेली वाटचाल म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्याची मांडणी निराळी हवी. या जिल्ह्यात पीक आणि जिवाणू यांची एक जुनी भागीदारी होती. ती किमतींच्या धोरणामुळे आणि घरांच्या वेळापत्रकामुळे मोडत गेली. तिच्या जागी आलेले सोयाबीन वर्गीकरणाने द्विदलच असले तरी त्याचा नत्राचा हिशोब अगदी वेगळा आहे.

जुन्या पद्धतीची नोंद कोणत्याही एका ग्रंथात नाही, ती पेरणीच्या रीतीत टिकून राहिली. तिफणीने कापूस किंवा ज्वारी पेरताना मागून सरतं धरून चालणारी बाई ठराविक तासात, म्हणजे ओळीत, तुरीचे बी सोडी. हलक्या रानात बाजरीत मटकी आणि हुलगा मिसळलेला असे. ज्या रानात रब्बीची ज्वारी घ्यायची तिथे खरिपात मूग किंवा उडीद घेत, कारण त्या बेवडावर ज्वारी जोमदार येते हे घरोघरी ठाऊक होते. यामागे केवळ जमिनीचा विचार होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. घरात वरणाला डाळ हवी होती, जनावरांना भुसकट हवे होते, चुलीला आणि छपराला तुऱ्हाट्या हव्या होत्या. पाऊस एका पिकाला चुकला तर दुसरे हाती लागावे हा हिशोबही होताच. पण कारणे कोणतीही असोत, परिणाम असा झाला की दर एक-दोन वर्षांत प्रत्येक रानाला द्विदल पिकाच्या मुळांचा स्पर्श होत राहिला. तुरीची पाने गळून मातीत मिसळत, मुळे आणि धसकटे तिथेच कुजत आणि पुढच्या पिकाला थोडे नत्र मिळे.

युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना हेच कोडे सोडवायला जवळजवळ ५० वर्षे लागली. फ्रान्समध्ये बुसेंगो यांनी १८३८ साली दाखवले की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यात मातीतून मिळू शकेल त्याहून अधिक नत्र साठते, गहू आणि ओटमध्ये तसे होत नाही. पण जर्मनीच्या लीबिग यांचे वजन मोठे होते आणि त्यांना हे पटले नाही. मग इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये फार काळजीपूर्वक प्रयोग केला. बाहेरचे नत्र चुकूनही शिरू नये म्हणून त्यांनी माती तापवली आणि झाडे काचेखाली वाढवली. द्विदल पिके हवेतले नत्र घेत नाहीत असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो एक पिढी टिकला. चूक त्यांच्या काटेकोरपणातच दडलेली होती, कारण माती तापवताना नत्र आणणारे जिवाणूच मरून गेले होते. १८८६ च्या सप्टेंबरमध्ये हेलरीगेल यांनी बर्लिनच्या सभेत खुलासा मांडला. नत्र नसलेल्या वाळूत त्यांचे काही वाटाणे मरत आणि काही तरारून वाढत. तरारलेल्यांच्या मुळांवर गाठी होत्या. निर्जंतुक वाळूत शेतातल्या मातीचा थोडा अर्क घातला की गाठी येत, तो अर्क उकळून घातला की येत नसत. दोन वर्षांनी, १८८८ साली, हॉलंडमध्ये बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवला. पुढच्या वर्षी फ्रँक यांनी त्याला रायझोबियम हे नाव दिले. १८९६ मध्ये नॉबे आणि हिल्टनर यांनी त्याच्या संवर्धनाचे पेटंट घेतले आणि जिवाणू बाटलीत भरून विकायला आला.

गाठीत काय चालते हे समजल्याशिवाय पुढची कथा नीट कळणार नाही. हवेचा ७८ टक्के भाग नत्र आहे, पण त्याचे दोन अणू इतके घट्ट जोडलेले असतात की पिकाला ते वापरता येत नाहीत. खत कारखान्यात तो बंध तोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. जिवाणू ते काम नायट्रोजनेज या विकराने मातीच्या साध्या तापमानाला करतो. मूळ आधी काही द्रव्ये सोडून जिवाणूला खूण देते, जिवाणू उलट खूण देतो, मग केसमुळातून आत शिरतो आणि तिथे गाठ बांधली जाते. प्राणवायू जास्त झाला तर नायट्रोजनेज बिघडते, म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक द्रव्य त्याचे नियमन करते. जिवंत गाठ चिरली की आतून गुलाबी दिसते ती यामुळेच. या सगळ्याची किंमत पीक चुकवते, कारण जिवाणूला लागणारी साखर पानांत तयार होऊन खाली जाते. म्हणून मातीत तयार नत्र भरपूर असले तर झाड गाठी कमी बांधते. पाऊस ओढला की गाठी लवकर मंदावतात. स्फुरद कमी पडला तरी काम अडते.

भारतात हे शास्त्र लवकर पोचले. डॉ. फोल्कर या इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञांनी १८९३ च्या आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले की इथल्या शेतकऱ्याला फेरपालट कळत नाही हा समज चुकीचा आहे. एकाच रानात शेजारी उभी असलेली मिश्र पिके हीच त्याची फेरपालट आहे असे त्यांनी म्हटले. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेतून १९२० साली एन. व्ही. जोशी यांनी द्विदलांच्या मुळांवरील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातला या विषयावरचा तो पहिला अभ्यास मानला जातो. पण बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि पुसाचे कागद इथवर येण्याची वाट लांबची होती. संस्थानाचे प्रयोगशेत परभणीला होते, तिथे गावरानी कापसावर काम झाले. मुळांवरच्या जिवाणूंविषयी बीडच्या शेतकऱ्याला कोणी काही सांगितले नाही, आणि त्याचे फारसे बिघडलेही नाही. त्याचे कारण जीवशास्त्रात आहे. तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा, चवळी आणि भुईमूग या सगळ्यांना एकाच मोठ्या गटातले जिवाणू चालतात आणि ते इथल्या मातीत मुळातच आहेत. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा असतो, पण पिढ्यान्‌पिढ्या हरभरा पिकत आलेल्या काळ्या रानात तोही नांदत होता. बाटलीची गरज परक्या पिकाला पडते आणि बीडची जुनी कडधान्ये तिथली आपलीच होती.

ही भागीदारी पहिल्यांदा ढिली झाली ती स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत. १९४८ साली हैदराबाद भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्याच वर्षी परभणीला कृषी महाविद्यालय निघाले. खताचे कारखाने त्याआधीपासून उभे राहत होते, १९५१ मध्ये सिंद्री आणि १९६५ मध्ये तुर्भे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. बुटकी, लवकर येणारी, खताला भरघोस प्रतिसाद देणारी ही ज्वारी सलग आणि दाट पेरायची शिफारस होती. सरतं धरून तुरीचे तास सोडायला तिच्यात जागा उरली नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अन्नधान्याची चणचण भोगलेल्या पिढीने ज्वारीचे जास्त उत्पादन आधी मागितले, यात तिचा दोष नाही. विद्यापीठाने कडधान्यांकडे पाठ फिरवली असेही नाही. बदनापूरच्या केंद्रातून बीडीएन-१, बीडीएन-२ आणि पुढे वांझ रोगाला तोंड देणारी बीएसएमआर-७३६, बीएसएमआर-८५३ ही तुरीची वाणे आली आणि मराठवाडाभर पसरली. याच काळात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत तुरीच्या गाठींवर बारकाईने काम झाले. काळ्या जमिनीत एका माशीची अळी तुरीच्या गाठी आतून पोखरून खाते हे तिथेच उघड झाले. जिवाणू मातीत असूनही काळ्या रानातली तूर अपेक्षेइतके नत्र का देत नाही याचे एक उत्तर त्यात होते.

खरा मोठा बदल सोयाबीनने आणला. मराठी माणसाला हे पीक अगदीच अनोळखी नव्हते. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत ते आहारात वापरून पाहिले आणि बडोदा संस्थानातले एफ. एस. काळे यांनी १९३६ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण ते प्रयोग ताटापुरते राहिले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने जबलपूर आणि पंतनगर इथे अमेरिकी वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा अडचण समोर आली. या वाणांना लागणारा जिवाणू इथल्या मातीत जवळजवळ नव्हताच. बियाण्याला त्याचे संवर्धन चोळल्याशिवाय मुळांवर गाठी येईनात आणि पीक पिवळे पडे. सोयाबीन भारतात आले ते आपला जिवाणू सोबत घेऊन. मध्य प्रदेशात ते आधी पसरले. १९९४ साली जबलपूरचे जेएस-३३५ हे वाण आले आणि त्यानंतर लातूर, मग अंबाजोगाई, केज, परळी, धारूर अशा वाटेने ते बीडमध्ये शिरले. आता जिल्ह्याच्या खरिपावर कापूस आणि सोयाबीन यांचेच राज्य आहे.

शेतकऱ्यांनी सोयाबीन का उचलले याची कारणे भक्कम आहेत. मुगाच्या शेंगा हाताने तोडाव्या लागतात आणि ऐन तोडणीत भाद्रपदाचा पाऊस आला तर पीक काळे पडते. तुरीला सहा महिने लागतात. सोयाबीन ९५ ते १०० दिवसांत तयार होते, एकदाच कापायचे, बनीम लावायची आणि मळणी यंत्रातून काढायचे. लातूरचा बाजार आणि तेलाचे कारखाने जवळ आहेत, पैसा लगेच हाती येतो. बीडमध्ये याहून मोठे कारण ऊसतोडीचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. जाण्यापूर्वी रान मोकळे करून देणारे पीक त्यांना सोयीचे पडते. तूर मात्र पौषापर्यंत उभी असते आणि राखणीला माणूस मागते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सोयाबीनही द्विदल आहे, त्याच्याही मुळांवर गाठी येतात, मग मूग-उडदाच्या जागी सोयाबीन आले तर जमिनीचे काय बिघडले? याला हिशोबानेच उत्तर द्यावे लागते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे साधारण ६.४ टक्के नत्र. हेक्टरी १० क्विंटल दाणा बाजारात गेला की ६४ किलो नत्र रानातून जाते. तुरीच्या दाण्यात प्रथिने २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तितक्याच उत्पादनामागे ३५ किलो जाते. जगभरच्या अभ्यासांत सोयाबीन आपल्या गरजेच्या निम्मे ते साठ टक्के नत्र हवेतून घेते, उरलेले मातीतून उचलते. बीडमध्ये ऑगस्टची उघडीप गाठींना मंदावते, तेव्हा हवेतला वाटा आणखी घटत असणार. दाणा गेला, भुसकट बनीमीच्या जागी राहिले किंवा जनावरांनी खाल्ले, तर हे द्विदल पीक जमिनीला देण्यापेक्षा घेऊनच जाते. तेलात नत्र नसते, ते सगळे पेंडीत जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यातून जिल्ह्याबाहेर पोचते. द्विदल म्हटले की जमीन सुधारली हे समीकरण मुगाला आणि तुरीला बऱ्यापैकी लागू होते, सोयाबीनला सरसकट लागू होत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. जुन्या मिश्र पद्धतीत उत्पादन कमी होते, मग तिचे एवढे कौतुक का? इक्रिसॅटच्याच प्रयोगांत सलग तुरीनंतरच्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्राइतका लाभ दिसला, पण ज्वारीत आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीने मागे फारसे ठेवले नाही. म्हणजे दहा तासांतले एक तास तुरीचे होते म्हणून रान श्रीमंत झाले असा दावा टिकत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या पद्धतीने नत्राची पातळी वाढवली नाही, ती एका खालच्या पातळीवर टिकवून धरली. पण ही टिकण्याची ताकद एकट्या तुरीची नव्हती. मूग, हुलगा, मटकी, हरभरा अशी अनेक पिके वर्षावर्षाला रानभर फिरत होती, त्यातून ती येत होती. आज जास्त उत्पादन हवे असेल तर खत लागणारच. प्रश्न एवढाच आहे की खतासोबत गाठींना काम करू दिले जाते की नाही.

या प्रश्नावर सरकारी धोरणाने नेमकी उलटी दिशा धरली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे किंमत-नियंत्रण उठले आणि ती महागली, युरियावरचे मात्र राहिले. २०१० च्या अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही युरिया बाहेरच ठेवला. परभणीच्या शिफारशीत सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद आहे, तुरीला २५ आणि ५०. द्विदलाला बाहेरून स्फुरद हवा असतो, नत्र ते स्वतः मिळवू शकते. बाजाराने शेतकऱ्याला जे पीक स्वतः तयार करते तेच स्वस्त दिले आणि जे पिकाला खरोखर लागते ते महाग केले. पीक जरा पिवळे दिसले की युरिया फेकण्याची सवय यातून लागली, आणि तयार नत्र मिळाल्यावर झाडाने गाठींचा खर्च टाळला. हा शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणता येणार नाही. समोर ठेवलेल्या किमतींना त्याने दिलेले ते सरळ उत्तर आहे.

बियाण्याला चोळायच्या जिवाणू संवर्धनाच्या पाकिटाचाही असाच विचका झाला. केंद्राचा जैविक खत प्रकल्प १९८३ साली गाझियाबादला सुरू झाला, त्याचे एक विभागीय केंद्र नागपूरला होते. २००६ मध्ये रायझोबियम खत नियंत्रण आदेशाखाली आले आणि दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असलेच पाहिजेत असे मानक ठरले. वापरायची रीत अगदी सोपी आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे, बुरशीनाशक त्याआधी लावायचे, बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे. पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पाकिटात ते ५ कोटी जिवंत उरतीलच असे नाही. सोयाबीनचा जिवाणू बीडच्या उन्हाळ्यात मातीतही मोठ्या संख्येने तगत नाही, म्हणून दरवर्षी नव्याने लावण्याची शिफारस असते. ज्याला एकदा मेलेले पाकीट मिळाले त्याला गाठीही दिसल्या नाहीत आणि फरकही दिसला नाही, मग पुढच्या वर्षी तो पाकीट का घेईल? परभणी विद्यापीठाचे बायोमिक्स हे जैविक मिश्रण घ्यायला शेतकरी स्वतः जातात, यावरून ही विश्वासाची बाब आहे हे दिसते. तूर आणि मुगाच्या बाबतीत पाकिटाचा लाभ तसाही मर्यादित असतो, कारण त्यांचे जिवाणू मातीत आहेतच. तिथे स्फुरद, पाणी धरून ठेवणारी माती आणि युरियाचा संयम यांचा उपयोग जास्त होतो. सगळ्या द्विदलांना एकच पाकीट, एकच भाषण अशा प्रचाराने हा फरक झाकून टाकला.

सोयाबीन हटवून जुने मिश्र पीक परत आणावे असे सुचवणे बीडमध्ये निरर्थक आहे. शक्य आहे ती जोड. विद्यापीठाची सोयाबीन आणि तूर चारास दोन ओळींची शिफारस याच दिशेची आहे. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, मग तूर मोकळ्या जागेत पसरते, हिवाळ्यात पाने गाळते आणि सोयाबीनने नेलेल्या नत्रातला काही भाग तरी रानात परत येतो. बीडीएन-७११ सारखी लवकर येणारी वाणे त्यासाठी सोयीची आहेत. पण हमीभाव क्विंटलला मिळतो, मागे ठेवलेल्या नत्राला मिळत नाही. आणि ज्या घरातली कर्ती माणसे दिवाळीनंतर कारखान्याच्या फडात असतात, तिथे हरणे आणि रानडुकरांपासून जानेवारीपर्यंत तूर राखणार कोण? म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे हे काम किती करतील? आष्टी-पाटोद्याच्या बरड रानात मटकी आणि हुलगा अजून पेरला जातो तो मुख्यतः अशा घरांत जिथे वर्षभर कोणीतरी गावात राहते.